आपल्याकडं जातं आहे

२०२२ च्या जूनमधली गोष्ट. शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले असतील. मेढ्यात पावसानं नुकतंच धरलं होतं. दुकानाच्या पत्र्यावर तडतड चाललेली. एवढ्यात माझं धाकटं पोरगं दप्तर डोक्यावर धरून पळत आत आलं. इयत्ता दुसरी. अंग भिजलेलं, पण तोंड नुसतं फुललेलं.

“पप्पा, मला गणवेश मिळणार. फुकाट!”

“बरं झालं की.”

“माझ्या जोडीदाराला न्हाय मिळणार.”

“का रं?”

“त्याला जात न्हाय. आपल्याला हाय.”

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक जण फिस्सकन हसला. मी हातातला अर्ज तसाच धरून राहिलो. अर्ज जातीच्या दाखल्याचाच होता.

हे आधी सांगायला पाहिजे. तहसील कचेरीच्या अंगाला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, पोट चालतं ते अर्ज लिहून देण्यावर. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोंगरी दाखला. केळघरच्या अंगाची माणसं येतात, कुडाळची येतात, बामणोलीकडनं येतात. कुणाची वंशावळ काढ, कुणाचं प्रतिज्ञापत्र कर. दिवसातनं वीस वेळा मी माणसाला विचारतो, ‘जात काय लिहू?’ माणूस सांगतो, मी लिहितो. ना त्याला काही वाटतं, ना मला. आणि माझ्याच पोराच्या तोंडून तो शब्द आला तर माझ्या हातातला पेन थांबला.

तेव्हा नियम असा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींना सगळ्यांना गणवेश. मुलग्यांत मात्र अनुसूचित जातीचे, जमातीचे आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले, तेवढेच. बाकीच्या पोरांनी विकत घ्यायचा. २०२३ पासून सरकारनं सगळ्यांनाच द्यायचं ठरवलं, पण त्याआधी वर्षानुवर्षं वर्गात यादी वाचली जायची. अमका उभा राहा, तमका उभा राहा. सात वर्षांच्या पोराला आपण कोण हे पहिल्यांदा कळायचं ते असं, कापडाच्या मापाबरोबर.

माझ्या पोराच्या जोडीदाराचा बाप मुंबईला माथाडीत. आमच्या जावळीतली निम्मी गडीमाणसं तिकडंच. पाठीनं पोती वाहून तो घर चालवतो. त्याचं नाव कुठल्या यादीत नाही. पोरगं रडलं घरी जाऊन, ‘मला का न्हाय?’ त्याच्या आईनं समजूत घातली, ‘त्यांना जात असती म्हणून मिळतं, बाळा. आपल्याला न्हाय.’ बाई वाईट नव्हे. माझ्या पोराला ताप आला तर दारात उभी राहून विचारून जाते. तिला जे खरं वाटतं ते तिनं सांगितलं.

संध्याकाळी घरी आणखीच तमाशा झाला. पोरानं हे सगळं माझ्या आईला सांगितलं आणि तिला कोपऱ्यातलं दगडी जातं दाखवलं. आमच्याकडं अजून एक जातं आहे. आता कोण दळतं? गिरणी हाकेवर. आईनं टाकू दिलं नाही म्हणून पडलेलं. पोराला वाटत होतं, हेच ते. शाळेत बाई ‘जात’ म्हणतात ते हेच जातं. जोडीदाराच्या घरी जातं नाही, म्हणून त्याला गणवेश नाही.

“आजे, आपलं जातं आपण त्याला दिऊया का? म्हंजे त्याला पण मिळंल.”

आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. “दे बाबा, दे! चौघं जण आणून उचलून न्ह्या म्हणावं. लय जड हाय, पर न्ह्या!”

मी पण हसलो. मग रात्री झोप येईना.

आपल्यातल्या प्रत्येक बापाला, प्रत्येक आईला हा प्रश्न एकदा पडतोच. पोराला कधी सांगायचं? किती सांगायचं? कुणी सांगायचं? आपण पुस्तकं वाचतो, सभेत बोलतो, जयंतीला मिरवणुकीपुढं चालतो. पण चुलीपुढं बसलेल्या सात वर्षांच्या पोरानं तोंडाकडं बघून विचारलं तर सगळे गप्प.

त्याच रात्री मी त्याला जवळ घेऊन सांगितलं होतं, “बाळा, जात-बित काय नसतं. आपण माणूस.” माझं मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पोरगं परत आलं. बाईंनी रकाना भरायला विचारलं, तेव्हा हा उठून म्हणाला, ‘माणूस.’ वर्ग हसला. बाईपण हसल्या. त्यांनी त्यांच्या रजिस्टरात बघून काय लिहायचं ते लिहून टाकलं.

मग मला कळलं की माझं उत्तर खरं होतं, पण ते पोरासाठी नव्हतं. ते माझ्यासाठी होतं. मला पळ काढायचा होता, आणि पळण्यासाठी मी सगळ्यात मोठा शब्द वापरला. दिवसभर दुसऱ्यांच्या जाती सुवाच्य अक्षरात लिहिणारा माणूस घरी येऊन पोराला म्हणतो, जात नसते! मोठा झाल्यावर पोरानं माझं दुकान बघितलं तर काय म्हणेल तो?

आणि माझ्या घरातलाच कागद बघा. माझ्या आजोबांनी १९५६ नंतर धम्म घेतला. घरातले देव वेण्णेत सोडले. देवांबरोबर तो शब्दही सोडला, मरेपर्यंत स्वतःच्या तोंडानं उच्चारला नाही. आणि त्याच आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर तो शब्द आहे म्हणून मी तो कागद लॅमिनेट करून पेटीत ठेवलाय. कारण अनुसूचित जातीचा आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० ला आणि पुरावा त्याच्या आधीचा मागतात. केंद्र सरकारनं बौद्धांना त्या यादीत घेतलं ते १९९० साली. तोवर कित्येकांनी घरात बुद्ध आणि शाळेत जुनंच नाव असा दोन तोंडांचा संसार केला. आजोबांनी जे नदीत सोडलं ते नातवानं गळ टाकून परत काढलं, आणि वर प्लॅस्टिक चढवलं. हे पोराला कसं समजावायचं? मलाच नीट समजलेलं नाही.

आमच्या वस्तीत याबद्दल दोन मतं आहेत. एक मत, लवकर सांगा. विहारात रविवारी पोरं बसतात, त्यांना बाबासाहेबांची गोष्ट सांगतात. चांगलंच आहे. पण माझ्या पोराला विचारलं तर ते म्हणतं, ते पूर्वी होतं. बाबासाहेबांनी बंद केलं. म्हणजे राक्षस होता, राजानं मारला, गोष्ट संपली. दुसरं मत, सांगूच नका. माझा एक दोस्त साताऱ्याला नोकरीला आहे, चांगल्या सोसायटीत राहतो. त्यानं आडनाव बदललं, बाहेरच्या खोलीतला फोटो आतल्या खोलीत नेला. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या पुस्तकाचं नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. या दोस्तानं चोरली नाही, पोरीपासून लपवून ठेवली. पोरगी कॉलेजच्या वसतिगृहात गेली आणि तिला तिथं दुसऱ्याच मुलींनी सांगितलं. घरी येऊन ती बापाशी महिनाभर बोलली नाही. जात कळली म्हणून नव्हे. ‘तुम्हाला माझी लाज वाटत होती का?’ एवढंच तिनं विचारलं म्हणे. दोस्ताला उत्तर आलं नाही.

मला कसं कळलं ते मला पक्कं आठवतं. १९८४ साल असेल. मी सहा वर्षांचा. आई एका बागायतदाराच्या खळ्यावर भात झोडायला गेलेली, मी बरोबर. झाडाखाली पाण्याची घागर, तिच्यावर तांब्या. उन्हात खेळून तहान लागली. मी सरळ तांब्या उचलला आणि घागरीत बुडवला. ओंजळ धरायची, वरनं कुणीतरी ओतायचं, हे मला माहीत होतं का? होतं बहुतेक. पण पावसाळ्यात पाऊस पडतो हे जसं माहीत असतं, तसं. त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं वाटत नव्हतं. घरधनीण तिथंच उभी होती. ती काही बोलायच्या आत माझी आई धावत आली आणि तिनं माझ्या कानाखाली अशी दिली की तांब्या एकीकडं आणि मी एकीकडं.

घरधनीण म्हणाली, “आगं मारू नगं, लेकरू हाय. काय कळतंय त्याला?”

मग तिनं शांतपणे घागर उचलली, झाडाच्या बुंध्यात पालथी केली, राखेनं घासली आणि विहिरीकडं गेली. तिच्या तोंडावर राग नव्हता. आई परत भात झोडायला लागली. आणि मी झाडाखाली बसून ठरवलं की ती बाई चांगली आणि माझी आई वाईट.

पुढं अक्कल आली, बाबासाहेब वाचले, तरी ती थप्पड मी आईला माफ केली नव्हती. वाद घालताना म्हणायचो, गुलामगिरी आपल्या आयांनीच आपल्या हाडात घातली. चाळीस वर्षं हे डोक्यात घेऊन हिंडलो आणि तिला कधी विचारलं नाही. जातं प्रकरणानंतर एका सकाळी विचारलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं सुपातनं मान वर केली नाही.

“आठवतंय की. तिचा हात उठला असता तर मला काय करता आलं असतं? तो मला धरता आला नसता. माझा हात माझ्या ताब्यात व्हता. किती जोरात मारायचं ते माझ्यापाशी व्हतं.”

थोड्या वेळानं म्हणाली, “लय लागलं व्हतं का रं?”

याच्यावर मी पुष्कळ विचार केला. लेकराला दुसऱ्यानं मारण्याआधी आपण मारावं, म्हणजे कमी लागेल, हे प्रेमच आहे. पण या प्रेमामुळं ती घरधनीण सुटली. तिला हात उचलावा लागला नाही, शिवी द्यावी लागली नाही. उलट ‘मारू नगं’ म्हणून पुण्य तिच्या पदरात पडलं. घाणेरडं काम माझ्या आईनं तिच्या वतीनं करून दिलं, भाताच्या मजुरीत. आईची थप्पड चूक होती का, याचं उत्तर मी आता देत नाही. तो हक्क मला नाही. पण आईला त्या जागी उभं करणारं जे काही होतं, त्याला मी आजवर नीट धरलंच नव्हतं. आईलाच धरून बसलो होतो.

आपल्या साताऱ्याच्याच मातीतली आणखी एक गोष्ट इथं आठवली पाहिजे. सुभेदार रामजी सकपाळ दापोलीहून साताऱ्याला येऊन राहिले. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवाचं नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज तिचं नाव प्रतापसिंह हायस्कूल, आणि २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्यात काय घडलं ते बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० साली छापलं. सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांनी पोरांना सुट्टीला बोलावलं. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन पोरं, अशी चार जण नवे सदरे, नवे बूट, झगमगीत टोप्या घालून आगगाडीनं मसूरला उतरली. चिठ्ठी सुभेदारांच्या हाती पडली नव्हती, म्हणून न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तरला वाटलं ही बामणाची पोरं. त्यानं विचारलं, कोण तुम्ही? भिवानं काही विचार न करता खरं सांगून टाकलं. मास्तरचं तोंड बदललं. गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार. रात्री जकातनाक्यावर पाण्यासाठी गाडीवानाच्या सांगण्यावरून भिवानं नाकेदाराला उर्दूत सांगितलं, आम्ही मुसलमान. नाकेदारानं तरीही पाणी दिलं नाही. बरोबर जेवण होतं, पाणी नव्हतं. चौघं उपाशी झोपली.

हे मी पूर्वी वाचलं होतं तेव्हा नुसता राग आला होता. आता बाप म्हणून वाचलं तर वेगळंच दिसलं. स्वतःचं वय त्यांनी नऊ लिहिलंय. नऊ वर्षांच्या पोरानं एका दिवसात दोन्ही करून बघितलं. खरं सांगून बघितलं, खोटं सांगून बघितलं. पाणी दोन्हींनी मिळालं नाही. मग आपण जे वस्तीत भांडतो, सांगा की लपवा, त्यातलं कुठलंही एक पोराच्या हातात देऊन त्याला मसूरच्या स्टेशनावर उभं केलं तर काय होणार? सगळं ओझं त्या नऊ वर्षांच्या जिभेवर. पाण्याचं भांडं ज्याच्या हातात, त्याला कुणी काही सांगितलंय का, हा प्रश्नच नाही.

आणखी एक. त्याआधीही भिवाला माहीत होतंच की. शाळेत वेगळ्या तरटावर बसायचं, तहान लागली तर शिपाई नळ सोडील तेव्हा प्यायचं. न्हावी शिवत नाही म्हणून बहीणच केस कापायची. पण ते सगळं जगाची रीत म्हणून अंगवळणी पडलेलं. त्या रात्रीनं ते हललं. म्हणजे आपण पोराला नुसतं सांगतो ती माहिती. माहिती असूनही माणूस वर्षानुवर्षं तरटावर गप बसतो.

मी धीर करून पोराला खळ्यावरची गोष्ट सांगितली. आपण कोण वगैरे काही नाही, नुसती घागरीची गोष्ट. आजीनं मला कसं मारलं तेही. पोरगं ऐकत होतं. आजीकडं एकदा बघून घेतलं. मग त्यानं विचारलं,

“त्या बाईकडं जातं व्हतं?”

तोवर त्याला जात आणि जातं यातला फरक कळला होता. तरी तो मुद्दाम तसंच बोलायचा, घरात ती मजेची गोष्ट झाली होती. मी म्हणालो, “व्हय. तिच्याकडंच व्हतं.”

“मग तिला कुणी सांगितलं व्हतं, घागर वतून द्यायची म्हणून?”

घ्या. शंभर पुस्तकांत बोट घालून मी जे शोधत होतो ते हे. आपण आपल्याच घरात कुजबुजत बसतो, पोराला केव्हा सांगू, कसं सांगू. पण जात ज्याला होते त्याला सांगून ती जात नाही. जो करतो त्याच्या घरात काय सांगतात? तिथं तर म्हणतात, आपल्याला जात नाही, ती त्यांना असते. कपाळाला मळवट फासून आरशात न बघणाऱ्यासारखं. माझ्या पोराला सातव्या वर्षी कळतं की त्याला जात आहे. त्याच्या जोडीदाराला सातव्या वर्षी कळतं की त्याला नाही. दोघांनाही खोटंच कळलं, पण एकाच्या खोट्याला दप्तराचं वजन आहे आणि दुसऱ्याचं खोटं पिसासारखं. मी ठरवलं, आता त्या घराला विचारायचं. भांडायचं नाही, विचारायचं.

संधी आली ती २०२३ च्या अखेरीला. सप्टेंबरात सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि राज्यभर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं. माझ्या दुकानात रांगा. शाळांची जुनी रजिस्टरं, मोडीतले कागद, खापरपणजोबांची नावं. एके दिवशी रांगेत माझ्या पोराच्या जोडीदाराचा बाप. मुंबईहून खास दोन दिवस आलेला. खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली, तीत कुजलेला एक उतारा. हात खडबडीत, पण कागद असा धरला होता की जणू पाखराचं पिल्लू. “बघा की भाऊ, हितं ‘कु’ असं लिहिलंय का? आमच्या पोराचं भलं व्हईल.”

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला हसू आलं. ‘काय दोस्ता, जातं शोधायला आलास?’ असं तोंडावर आलं होतं. पण त्याचा तो हात बघून गिळलं. पोती वाहणाऱ्या बापाला पोराच्या फीची काळजी आहे, ती खरीच आहे. मी भिंग घेऊन बघितलं. अर्ज लिहून दिला. चहा मागवला. आणि विचारलं,

“तुमच्या पोराला सांगितलंत का, ही कसली नोंद शोधताय ते?”

“त्याला काय सांगायचं? ल्हान हाय.”

“पण कधीतरी सांगाल की. कोण वर, कोण खाली, कोणाची घागर कुणी शिवायची नाही, हे असं होतं म्हणून.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग मनापासून म्हणाला, “न्हाय हो भाऊ. आमच्या घरात असलं काय आम्ही पोरांस्नी सांगत न्हाय. कधीच न्हाय.”

तो खरं बोलत होता. हेच तर माझं म्हणणं होतं! रात्री घरी येऊन मी बायकोला ते वाक्य चार वेळा ऐकवलं. बघ, म्हटलं, सांगत नाहीत म्हणे. सांगावं लागतच नाही. घागर पालथी करताना पोरगं बघतं, बास. त्यावर मी एक झणझणीत लेख लिहिणार होतो. तुम्ही वाचताय तो हा नव्हे. तो वेगळा होता, आणि त्यात माझं घर नव्हतं.

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, “आवं, पर आपल्या घरात तरी कोण सांगतं?”

“म्हंजे?”

“गेल्या म्हैन्यात मातंगवस्तीत बारसं झालं. पोराच्या वर्गातल्याच्या बहिणीचं. आत्यांनी त्याला जेवू दिलं न्हाय तिथं. घुगऱ्या दिल्या त्या वाटंतच टाकून ये म्हणाल्या. तुम्ही घरातच व्हता.”

मी घरातच होतो. पेपर वाचत होतो. ऐकू आलं होतं का? आलं होतं. आईचं वय झालंय, कशाला बोलायचं, असं म्हणून पान उलटलं होतं.

आई काही बोलली नाही. जिनं खळ्यावर लेकराला मारलं तीच ही बाई. घागर पालथी करणारीचं तिनं सगळं सोसलं, आणि तिच्यापासनं तेवढं एक शिकूनही आली. १८५५ साली पुण्यात जोतिबांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग महाराच्या दुःखाविषयी. पोरीनं दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिली. आम्ही दीडशे वर्षांनी दोन वस्त्यांत राहतो, त्यांच्या दारात अण्णाभाऊंचा फोटो, आमच्या दारात बाबासाहेबांचा, आणि एकमेकांच्या जयंतीला लांबनं बघतो. हे लिहिलं की आपल्यातले काही जण चिडतील, म्हणतील ही वेळ नव्हे, शत्रूच्या हातात कोलीत देतोस. देतो तर देतो. माझ्या पोराचा प्रश्न होता, तिला कुणी सांगितलं होतं. त्या ‘तिला’मध्ये माझी आई येत असेल तर मी काय करू? मीही येतो.

मी पोराला बोलावलं. वस्तीच्या खालच्या अंगाला मोकळं रान आहे, तिथं सगळी पोरं क्रिकेट खेळतात. मातंगवस्ती लागूनच.

“तिकडं खेळताना तहान लागली तर पाणी कुठं पितोस?”

“घरी येतो.”

“एवढ्या लांब? तुझ्या त्या वर्गातल्याचं घर तर तिथंच हाय.”

पोरगं खाली बघायला लागलं. पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरायला लागलं.

“त्यांच्यात पिऊ नको असं कुणी सांगितलं तुला? आजीनं?”

“कुणी न्हाय.”

“मग?”

“कुणीच न्हाय सांगितलं, पप्पा.”

रविवारी मी त्याला घेऊन गेलो. बायको पण आली. बारशाच्या पोरीला टोपडं घेतलं होतं, उशिरा का होईना. त्या घरच्या म्हातारीनं आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला. तिच्या सुनेनं कपबशा काढायच्या आधी आमच्याकडं एकदा बघितलं. आम्ही घेणार का नाही, असं ते बघणं होतं, आणि ते मला ओळखीचं होतं. पाण्याचा तांब्या समोर आला तेव्हा माझ्या पोरानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी आधी प्यायलो. मग त्यानं घेतला.

आई अजून आलेली नाही. तिच्याशी बोलणं चालू आहे. मागच्या आठवड्यात म्हणाली, म्हातारी ओळखीची हाय माझ्या, भात झोडायला संगं असायची. तिची घागर कुठं असायची ते मी विचारलं. आई म्हणाली, आमची येगळी, त्यांची येगळी. मग बराच वेळ सुपातले खडे काढत बसली.